मोर्लोचा कापरा हात

बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत हरिदास इंगळे सव्वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होता. एके दिवशी नईम मोहल्ल्यातल्या शरीफुन्निसाआजी रुमालात गुंडाळून एक खिशातलं घड्याळ घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांना ते एका फ्रेंच मोती-व्यापाऱ्याने दिलं होतं.

"भाईजान, मेरे जीते जी चल जाए, बस," आजी म्हणाल्या.

हरिदासने मागचं झाकण उघडलं. आत बारीक अक्षरांत नाव कोरलेलं होतं: ओग्युस्त मोर्लो, बझांसों. साफसफाई झाली, पण तिळाहून लहान एक स्क्रू काही केल्या बसेना. वर्षभरापासून हरिदासचा उजवा हात कापत होता. घरी सांगितलं नव्हतं. नाजूक काम आलं की "पार्ट मफी", म्हणजे सुटा भाग मिळत नाही, असं सांगून तो गिऱ्हाईक परत पाठवायचा. हे घड्याळ मात्र त्याला परत देववेना.

"हा मोर्लो कोण असंल बुवा?" रात्री जेवताना तो म्हणाला.

त्याच्या दहावीतल्या मुलीला, श्रावस्तीला, शाळेत फ्रेंच होतं. "आय विल आस्क, पप्पा," म्हणत तिने फ्रान्समधल्या बझांसों शहराच्या दप्तरखान्याला मेल टाकला. बारा दिवसांनी तिथल्या एका बाईंचं लांबलचक उत्तर आलं. श्रावस्ती अडखळत वाचू लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत.

मोर्लो पाववाल्याचा मुलगा. उजेड जास्त वेळ टिकतो म्हणून त्याने तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. टेबल खिडकीला लावलेलं, आणि पडलेला सुटा भाग हरवू नये म्हणून टेबलाला पुढून चामड्याची झोळी. काम करताना तो इतक्या जोरात गायचा, की शेजारी तक्रार करत. चाळिशीनंतर त्याचा हात कापायला लागला.

"देन हिज वाइफ आदेल डिड द स्मॉल स्क्रूज," श्रावस्ती म्हणाली. "बावीस वर्षं, पप्पा!"

हरिदासच्या हातातला चहा बशीत सांडला. त्याच्या बायकोने, पुष्पलताने, तो फडक्याने पुसला आणि हळूच म्हणाली, "तुमचा हात कापते, मले मालूम हाय. वरीस झालं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही सांगाल म्हून वाट पाहत होती."

पुष्पलता माहूज भागातल्या बायकांच्या ब्लाउजांना हुक आणि मणी लावून द्यायची. शुक्रवारी हरिदास तिला दुकानात घेऊन गेला आणि तिच्या डोळ्याला भिंग लावलं.

"अगं माय, केवढा मोठा दिसते हा स्क्रू!" ती हसली.

"श्वास नको रोखू. हळूहळू सोड."

पहिल्यांदा स्क्रू निसटला. दुसऱ्यांदा बसला. तिने तो फिरवून घट्ट केला आणि घड्याळ चालू झालं. हरिदासने ते आधी स्वतःच्या कानाला लावलं, मग तिच्या.

आजी आल्या तेव्हा त्याने बायकोकडे बोट दाखवलं. "इन्होंने चलाया."

आजींनी पुष्पलताची बोटं हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि त्यांचा मुका घेतला.

पुढच्या शनिवारपासून पुष्पलता अकरा वाजता दुकानात येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने, बारीक स्क्रू उडू नयेत म्हणून, पंख्याची दिशा बदलायला लावली, आणि हरिदास गुमान स्टुलावर चढला.