टोक धरायला माणूस

पाच जुन्या साड्यांचं एक पायपुसणं बनतं, आणि एका पायपुसण्याला सात दुपारी लागतात. सिंधुबाईंची कमाई तेवढीच, सात दुपारी. शिलाईचा रुपया त्यांनी कधी कुणाकडून घेतला नाही. साडी तुमची, दोरा माझा, पायपुसणं तुमचं. गल्लीतल्या बायांना वाटायचं, आवळा देऊन कोहळा आपण काढला. सिंधुबाई वाटू द्यायच्या.

अट एकच होती. जिची साडी, तिनं येऊन टोक धरायचं.

काम तसं सोपं. साडीच्या तीन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, तीन पट्ट्यांची वेणी घालायची आणि ती वेणी गोल गोल गुंडाळत दाभणानं शिवत जायची. वेणी घट्ट यायला तिचं टोक कुठंतरी अडकवावं लागतं. बाकीचं जग ते खाटेच्या पायाला बांधतं. सिंधुबाईंनी मात्र गल्लीत पसरवून ठेवलं होतं की खाटेला ताण कळत नाही. माणसाचा हात वेणी मागेल तसा सैल सोडतो, मागेल तसा आवळतो. "खाटनी वेणी सहा महिनामा सुटस," हे त्या अशा ठामपणे सांगायच्या की कुणी खाटेकडं वळून बघितलं नाही. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मुलगा भूपेश सुरतेला, घरात तीन खोल्या आणि माणूस एक. अशा बाईला हा शोध का लागला असेल, एवढा विचार करायला गल्लीला वेळ नव्हता.

सगळ्यात जास्त यायची शीला, शेजारच्या तापीबाईंची सून. दोन वर्षांत तिनं अकरा पायपुसण्यांची टोकं धरली. त्या घराला दारं चार, पायपुसणी अकरा. उरलेली तापीबाईंनी माहेरी वाटून नाव कमावलं. शीला उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसायची, टोक मुठीत, आणि तोंड जे सुरू व्हायचं ते चहाच्या वेळेपर्यंत.

"काकू, ही सासूबाईसनी साडी शे. त्यासले माहीत नही."

"मंग मी कापू कशी वं?"

"कापा. विचारं तं सांगू, उंदीरनी कुरतडी."

"म्हंजे माले उंदीर बनावस का?"

"तुम्ही कसाले? उंदीर मी. तुम्ही नुसती कातर."

सिंधुबाई हसायच्या आणि वेणी मुद्दाम हळू घालायच्या. सात दुपारींच्या आठ व्हायच्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. सिंधुबाईंना लेक नाही. भूपेश दोन दिवसांसाठी आला. गुणी मुलगा. पहिल्याच दुपारी त्यानं बघितलं, शीला टोक धरून बसली आहे आणि आई वेणी घालते आहे. शीला घरी गेल्यावर तो म्हणाला, "माय, दुसरासना खोळंबा कसाले करस?"

"खोळंबा कसाना? ती बसस."

"ती बोलाव नही. तिले बी काम ऱ्हातस."

दुसऱ्या दिवशी तळोद्याहून त्यानं लोखंडी हुक आणला, ड्रिल मशीन कुणाकडून तरी मागून आणलं आणि भिंतीत, बरोबर आईच्या हाताच्या उंचीवर, हुक बसवून दिला. दोन्ही हातांनी लोंबकळून पक्का असल्याची खात्री केली. "आते तुले कोनीच लागाव नही," तो म्हणाला. इतक्या मायेनं आणलेल्या वस्तूला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं. खरं कारण मुलाला सांगितलं असतं तर त्यानं रजा वाढवली असती, नाहीतर आईला सुरतेला नेऊन दहा बाय दहाच्या खोलीत बसवलं असतं. सिंधुबाई म्हणाल्या, "बरं कये." बरं केलंस. डब्यात लाडू भरून त्याला गाडीत बसवलं.

गल्लीत बातमी पसरायला हुक बसवण्यापेक्षा कमी वेळ लागला. मग साड्या पिशवीत येऊ लागल्या. दारात पिशवी टेकवायची, "काकू, ठेवी दिनी," म्हणायचं आणि पाठ फिरवायची. शीलाही तशीच. तापीबाईंनी तिला अंगणातूनच ऐकवलं होतं, "आते हुक शे ना तठे, तू कसाले जास?"

महिन्याभरात सिंधुबाईंनी आठ पायपुसणी केली. पूर्वी एवढ्यात जेमतेम चार व्हायची. हुक बोलत नाही, उशीर करत नाही, चहा मागत नाही. कामाचा वेग पाहून त्यांनाच राग आला.

तेव्हा त्यांनी डाव टाकला. तापीबाईंचं पायपुसणं मुद्दाम ढिलं केलं. वेणी सैल, टाके लांब लांब, शेवटची गाठ अर्धी. आठ दिवसांत सुटेल, मग हुक खोटा ठरेल आणि माणसाचा हात खरा. हिशेबात एकच चूक राहिली. वस्तू बिघडली की लोक आधी हुकाकडं बघत नाहीत, वयाकडं बघतात.

आठवडा गेला आणि शीला आली. हातात विस्कटलेली वेणी.

"सासूबाई म्हनतस, काकूना हात थकनात. आते त्यासले तरास देऊ नका. गल्लीमा बी सांगी दिनं त्यासनी."

"हात नही थकनात वं. तो हुक खोटा शे."

शीलानं वेणीचं टोक हुकात अडकवलं आणि अंगाचा भार देऊन ओढलं. हुक हलला नाही. मग तिनं सगळे टाके बोटांनी चाचपले, पहिल्यापासून शेवटच्या अर्ध्या गाठीपर्यंत, आणि सिंधुबाईंकडं बघितलं.

"मन्हा माहेरले आम्ही खाटना पायले बांधतस, काकू. मन्ही आजीना हातनं पायपुसणं अजून शे."

सिंधुबाई दाभणात दोरा ओवू लागल्या. दोरा आत जाईना.

"मंग दोन वरीस तू टोक धरीसन कसाले बसनी?"

"दुपारले त्या झोपतस. पंखा त्यासना खोलीमा. बोलो तं त्या जागी होतस." शीला हुकातून वेणी सोडवत होती. "आठे, ह्या भिंतीले टेकीसन, दोन तास मन्हा व्हतात."

भिंतीपलीकडून हाक आली. शीलानं वेणी घडी करून खाटेवर ठेवली आणि ती गेली. तिच्या मागं दार उघडंच राहिलं. ते लावायला सिंधुबाई लगेच उठल्या नाहीत.

या व्यवहारात हुकाचे पैसे भूपेशनं दिले आणि आईची सोय केल्याचं समाधान सुरतेला घेऊन गेला. तापीबाईंचं एक पायपुसणं सुटलं, सून मात्र दुपारभर हाताशी आली. सिंधुबाईंनी आपल्या दुपारी घातल्या, वर हातांचं नाव घातलं. आणि शीलाचे दोन तास सिंधुबाईंनी तिला न विचारता किंमत म्हणून भरून टाकले.