हॉटेलातला बघण्याचा कार्यक्रम

साळुबाईला ही गोष्ट पहिल्यापासूनच पटली नव्हती. मुलगी बघायची तर तिच्या घरी जाऊन, चार माणसांत, कांदेपोहे खाऊन. हॉटेलात कुणी मुलगी बघतं का? पण सोपानरावांचा निरोपच तसा आला होता. "आमची श्रेया म्हणती, घरी कार्यक्रम नको. ट्रे घेऊन बाहेर यायचा लई कंटाळा आलाय तिला. घोडेगावातच भेटू, सगळी मिळून नाश्ता करू."

"पोरगी म्हणती अन् बाप ऐकतो," साळुबाई नवऱ्याला म्हणाली. "पुढं कसं व्हायचं, अवो?"

चांगदेवांनी येतो म्हणून कळवून टाकलं. त्यांचा मुलगा अमृत तिशी ओलांडून गेला होता. निरगुडसरला त्यांची बागायत होती, गोठ्यात गाई होत्या, अंगात कष्ट होते. तरी 'मुलगा शेती बघतो' म्हटलं की पलीकडची माणसं पुन्हा फोन करत नसत. श्रेया घोडेगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिनं निदान भेटायचं तरी कबूल केलं होतं. आता मानपान काढत बसायची सोय नव्हती.

रविवारी उन्हं वर आल्यावर तिघं पोचले. हॉटेल पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मिसळीच्या वासानं गल्ली भरली होती आणि आत बसायला जागा मिळणं मुश्किल. साळुबाई दारातच थबकली. तालुक्याला आली की ती चहा प्यायची, कधी भजी खायची, पण ते सगळं उभ्याउभ्या, पदराआड. टेबलाशी ऐसपैस बसून परक्या माणसांसमोर घास घ्यायचा, म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"मावशी, हितं पंख्याखाली बसा." श्रेयानं उठून खुर्ची ओढली. साधा कुडता, मोकळं बोलणं. शेजारी सोपानराव हात जोडून उभे.

मिसळीच्या ताटल्या आल्या, रश्श्याचं भांडं आलं. साळुबाई सवयीनं उठली आणि एकेकाच्या ताटलीत रस्सा वाढू लागली. तेवढ्यात गल्ल्यावरून मालकीण गोजरबाई लगबगीनं आली आणि तिनं साळुबाईच्या हातातला डाव काढून घेतला.

"बसा की पावणं! तुमीच वाढाया लागल्या तर मी काय करू?"

सगळे हसले. साळुबाई ओशाळून बसली खरी, पण ताटलीला हात लावेना. पुरुषमाणसांचं होऊ दे, मग बघू.

"मावशी, निवतंय," श्रेया हळूच म्हणाली.

साळुबाईनं पाव मोडला. पहिला घास इतका कढत होता की डोळ्यांत पाणी आलं. तिला एकदम जाणवलं, रस्सा एवढा गरम आपल्या तोंडी कधी पडलाच नाही. घरी तिचा घास नेहमी सगळ्यांच्या मागनं, तळातला, निवलेला. कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. ते आपलं तसंच चालत आलं होतं.

"सैपाक येतो ना?" चांगदेवांनी श्रेयाला विचारलं.

"येतो. पोळ्या बऱ्या व्हत्यात, भाकरी मात्र फाटती." मग तिनं अमृतकडं पाहिलं. "तुमाला काय काय येतं?"

अमृत कानापर्यंत लाल झाला. "चहा येतो."

"त्योबी पाणचट," साळुबाई बोलून गेली, आणि श्रेया खळखळून हसली. अमृतही हसला. त्यानंतर मात्र टेबलावरचं अवघडलेपण गेलं. श्रेयानं लॅबमधल्या गमती सांगितल्या, अमृतनं ठिबकच्या. निघताना ती म्हणाली, "आज लगेच हो-नाय इचारू नका. अजून एकदा भेटू."

परतीच्या वाटेवर चांगदेव म्हणाले, "नकारच समजायचा हा. गोड बोलून दिलेला."

"नकार द्यायचा असता तर भेटू कशाला म्हणली असती?" साळुबाई म्हणाली. " आता आपण बोलवू तिला. सांजच्या जेवणाला."

"घरी?"

"घरी नगं. घरी बोलावलं तर मी चुलीम्होरंच ऱ्हाईन. मला तिच्याशी बोलायचंय."

चांगदेवांनी बायकोकडं वळून पाहिलं. असं काही ती त्यांच्यापाशी कधी बोलली नव्हती.

पुढच्या शनिवारी दिवेलागणीला ते मंचरच्या रस्त्यावर एका मासवडीच्या खानावळीत बसले. साळुबाईची स्वतःची मासवडी भावकीत नावाजलेली. तिनं तुकडा रश्श्यात बुडवून चाखला. सारणातलं खोबरं जरा कमी भाजलं होतं. ते तिनं मनातच ठेवलं.

श्रेयानं जेवता जेवता हात थांबवला. "मावशी, आधीच सांगते. लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाय. सकाळी लवकर घराबाहेर पडणार. मग घरचं सगळं तुमच्यावरच पडंल. त्याचं कसं करायचं?"

सोपानराव खाली बघू लागले. चांगदेव काही बोलणार, तोच अमृत म्हणाला, "धार काढून आलो की मी मोकळाच असतो. आईनं दाखवलं तर शिकंन मी."

"पोरानं चूल धरली तर लोक काय म्हणतील?" चांगदेव पुटपुटले.

"लोकं येत्यात का रोज आपल्याकडं जेवाया?" साळुबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. मग ती श्रेयाकडं वळली. "तू नोकरी कर, बाई. घरात चार माणसं, चौघांनाबी हात हायेत. सुरुवातीला चुकंल, मी चिडंनबी. तुला चालंल का?"

"चालंल. मीबी चिडते," श्रेया म्हणाली.

हात धुवायला म्हणून अमृत आणि श्रेया दोघं बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाहीत. खिडकीतून दिसत होती. अमृत हातवारे करून काहीतरी समजावत होता आणि श्रेया मान हलवत ऐकत होती. परत आल्यावर ती बापाशेजारी बसली.

"दादा, माझं हो हाय."

सोपानराव चांगदेवांकडं सरकले. त्यांनी चांगदेवांचा हात धरला तो सोडलाच नाही. चांगदेवांनी दुसऱ्या हातानं वाढप्याला खूण केली.

"राव, गोडाचं काय हाय?"

"गुलाबजाम हाय."

"आण सगळ्यांना," चांगदेव साळुबाईकडं बोट करून म्हणाले. "अन् पहिली वाटी हितं, हिच्याम्होरं ठेव."