उसनी माणसं आणि नागव्वा

मी खुर्ची बोलतेय. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत पंचाक्षरी नावाचे कारकून होते, कुंभारी गावात नागव्वा नावाची बाई होती, आणि दोघांच्या मधे मी होते, मांडीवर फायलींचा ढीग घेऊन.

माझा जन्म तुरुंगातला. कुणा कैद्यानं माझी वेताची बैठक अशी जीव लावून विणली, जणू लेकीचा पाळणाच विणतोय. पाठीवर पांढरा आकडा घालून मला आस्थापना शाखेत आणलं. नेमणुका, बदल्या, रजा बघणारी ही शाखा. मंजूर माणसं चार, म्हणून खुर्च्याही चार. एकजण बदलून गेला, एक निवृत्त झाला, एक तर आलाच नाही. बहात्तर सालापासून उरले एकटे पंचाक्षरी. सहाशे माणसांची सेवापुस्तकं आणि त्यांचे दोन हात. आम्हा तिघींवर फायली बसल्या.

मग माणसं मागितली का नाहीत? त्याचीच तर गंमत. पुण्याचे साहेब तपासणीला येत, आणि आमच्या मोठ्या साहेबांना रिकाम्या खुर्चीची लाज. पाहुण्यांसाठी शेजारून भांडी आणावीत, तशी ते दुसऱ्या शाखांतून माणसं उसनी आणून आमच्यावर बसवत. पुण्याचे साहेब शेरा लिहीत, 'मनुष्यबळ पुरेसे.' माणसं चहा पिऊन माघारी, फायली माझ्या मांडीवर.

नागव्वाचा नवरा मडिवाळप्पा इथंच शिपाई होता. नोकरीत असताना गेला. त्याच्या जागी तिला घ्यावं, हा अर्ज माझ्यावरच्या ढिगात पडून होता. घरी म्हातारी सासू अक्कम्मा, तिला ती अत्ती म्हणायची, आणि दोन मुली. चाळिशी उलटली की सरकारी नोकरीचं दार बंद, आणि नागव्वाला शहात्तरच्या वैशाखात चाळीस पुरी होणार होती.

दर बुधवारी ती यायची.

"अण्णा, माजा कागुद?"

"हितंच हाय की. जाईल कुटं?"

"त्येच म्हंते अण्णा. कुटं जाईना की त्यो."

पंचाक्षरी हसायचे आणि मग उगीच चष्मा पुसत बसायचे.

शहात्तरच्या फाल्गुनात तपासणी आली. उसनी माणसं दोनच मिळाली. "कुणालाही बसवा," मोठे साहेब म्हणाले. दारात नागव्वा उभी होती, धुतलेलं इरकल नेसून. पंचाक्षरींनी तिलाच आत बोलावलं.

"नागव्वा, घटकाभर बस. पेन धर. बोलू मात्र नको. आजचं निभावलं की तुझा कागद आधी."

ती बसली. माझ्या वेतावर, अगदी कडेला टेकून. पेन तिनं खुरप्यासारखं धरलं होतं.

पुण्याचे साहेब नेमके तिच्यापाशी थांबले. "बाई, तुमच्याकडे कुठलं काम?"

खोटं बोलली असती, तरी मी रागावले नसते.

"वाट बघायचं, साहेब," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली."

मग तिनं सगळं सांगितलं. वर म्हणाली, "ह्या अण्णांचा दोस न्हाई. हे एकटंच हायती. ही दोगं आजच बसल्यात."

उसने दोघं मान खाली घालून उठले. पंचाक्षरी पुन्हा चष्मा पुसू लागले. पुण्याचे साहेब मोठ्या साहेबांकडं वळले.

"रिकामं आहे तर रिकामं म्हणायचं की हो. मी काय मुलगी बघायला आलोय?"

त्यांनी शेरा लिहिला : मंजूर चार, हजर एक. आणि ढिगातून नागव्वाचा अर्ज तिथंच शोधायला लावला.

दिवाळीच्या आत दोन कारकून आले. माझ्यावर बसतो तो पाय हलवत बसतो, माझा वेत चार ठिकाणी तुटलाय. तुटू दे. खुर्चीला माणसाचंच ओझं शोभतं. एवढंच मागणं, बाबांनो, की जिथं माणूस नाही, तिथं नाही म्हणा.

आणि नागव्वा? तिचा हुकूम चैत्रातच निघाला. रुजू झाली त्या दिवशी पंचाक्षरींनी तिचं नवं सेवापुस्तक उघडून तिच्या डाव्या हाताच्या बोटांचे ठसे घेतले आणि शाई पुसायला फडकं दिलं. तिनं घेतलं नाही.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. अत्तीला ही बोटं दावायचीत."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीभर शेंगापोळ्या वाटत होती. अक्कम्मानं रात्रीच लाटून ठेवल्या होत्या.