चार जावा आणि एक नाव

वाटूरच्या नंदाबाईला त्या सकाळी भाकरीचा घास गिळवेना. आज जालन्याला ग्रामसेविकांची निवड होती. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेलेला, गुजरातही त्याच राज्यात. म्हणून निवड करायला आलेल्या देसाईबाई थेट सुरतेच्या. त्यांना मराठी समजे, पण बोलता येत नसे, आणि त्या इंग्रजीतच विचारणार होत्या. सासूनं, दुर्गाआत्याबाईनं, आधीच बजावलं होतं, "या खेपेला न्हाई जमलं, तर मंग पुस्तकं बांधून ठेव अन् वावरात चल."

एरवी नंदाबाई इंग्रजीला भीत नसे. पण बोलण्याच्या चार शब्दांनी तिला रडकुंडीला आणलं होतं: से, टेल, स्पीक, टॉक. शेवटी शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी, विमलताईंनी, युक्ती काढली. "या चार जावा समज," त्या म्हणाल्या. "घर एक, स्वभाव निराळे. स्पीक मिरवणारी, मला कोणती भाषा येते बघा म्हणणारी. टॉक गप्पिष्ट, तिला जोडीदारीण लागते. टेलला समोर ऐकणारं माणूस पाहिजेच. आणि से नुसता शब्द धरून बसते, तोंडातून काय निघालं तेवढंच बघते."

झालं! त्या दिवसापासून नंदाबाईनं चौघींना कामाला जुंपलं. भांडी घासताना स्पीक, पाणी शेंदताना टॉक. म्हशीलासुद्धा तिनं "आय टेल यू" म्हणून दम भरला, आणि म्हैस खरोखर सरकली.

जालन्याच्या कचेरीत ती देसाईबाईंच्या टेबलासमोर बसली. पहिला सवाल आला, कोणकोणत्या भाषा बोलता?

"आय स्पीक मराठी, मॅडम. अँड लिटल उर्दू."

स्पीक बराबर बसली! नंदाबाईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दुसरा सवाल, तिसरा सवाल, सगळे पटापट सुटले. मग देसाईबाई सहज म्हणाल्या, "नाउ टेल मी युअर हजबंड्स नेम."

आणि नंदाबाईची दातखीळ बसली.

"समजलं नाही का?" शेजारचे कारकून वामनराव कुजबुजले. "मालकाचं नाव विचारतायत."

समजलं होतं हो, चांगलं समजलं होतं! पण लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय ते नाव तिच्या ओठावर आलं नव्हतं. भरल्या कचेरीत, परक्या माणसांसमोर ते कसं घ्यावं? देसाईबाईंनी लेखणी उचलली. इंग्रजी येत नाही, असंच त्या लिहिणार, हे वामनरावांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नंदाबाईला डोळ्यांसमोर वावर दिसलं. ती ताडकन उठली.

"मॅडम, आय नो द नेम! आय स्पीक इंग्लिश. आय टॉक विथ यू. बट आय डोंट से हिज नेम!"

"मग मला सांगणार कशी?" देसाईबाईंनी इंग्रजीतच विचारलं. लेखणी अधांतरी थांबली होती.

नंदाबाईनं पदर सावरला, डोळे मिटले आणि खड्या आवाजात म्हटलं,

"से म्हणजे म्हणणं, टेल म्हणजे सांगणं,
मच्छिंद्ररावांचं नाव घेते, शिकायचं हेच मागणं!"

वामनरावांना ठसका लागला. देसाईबाई मात्र खळखळून हसल्या. "खेड्यातल्या बायकाही अशाच अडून बसतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्यापाशी त्यांचं तोंड उघडत नाही. तुमच्यापाशी उघडेल." आणि तिच्या नावापुढे त्यांनी तिथल्या तिथे निवड झाल्याचं लिहून टाकलं.

नंदाबाई बाहेर पडली ती धावतच. फाटकापाशी उमेदवार बायकांच्या नवऱ्यांचा घोळका उभा होता. मच्छिंद्रही त्यात होता, पण काळजीनं पाठ फिरवून.

"अहो!" तिनं हाक मारली. घोळक्यातले झाडून सगळे नवरे वळले. तिचा तेवढा नाही. "अहो, अहो!" पुन्हा तेच. आनंद तर पोटात मावेना.

"मच्छिंद्र!" ती ओरडली. "माझी निवड झाली!"

मच्छिंद्र धावत आला.

"काय म्हणलीस?"

"निवड झाली म्हणते!"

"ते ऐकलं गं. त्याच्या आधी काय म्हणलीस?"

नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. हसता हसता तिला रडूच फुटलं. "चला जल्दी," ती म्हणाली, "आत्याबाईंना सांगायचंय."