झाकणाचं माप

तणनाशकावरच्या संशोधनातलं मिलिलिटरचं गणित शेतात उभं राहून कोण करत बसणार, म्हणून कृषी केंद्रातल्या निवेदिकेनं ते सोपं केलं होतं. "फवारणीच्या एका पंपाला एक झाकण औषध," असं तिनं आपल्या गोड आवाजात सांगितलं आणि तो निरोप सकाळीच सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनवर गेला. शास्त्रज्ञांनीही माना डोलावल्या होत्या.

दुपारी शेतीऔषधांच्या दुकानात तिला त्याच औषधाची नवी बाटली दिसली. नवं झाकण जुन्यापेक्षा दुप्पट मोठं होतं. एवढ्या औषधानं तणाबरोबर पीकही जळणार होतं.

केंद्राला दुरुस्तीचा निरोप पाठवायला सांगून तिनं शेती करणाऱ्या आपल्या काकांना फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. काका महाचिकित्सक, बाटलीवरचं अक्षर न् अक्षर भिंगातून वाचणारे, एवढाच काय तो तिला धीर होता.

अखेर त्यांनी फोन उचलला.

"काका, फवारणी झाली?"

"आत्ताच आटोपली गं."

"बाटलीवरचं वाचलंत ना?"

"छे," काका कौतुकानं म्हणाले. "घरची पोर सांगतेय म्हटल्यावर भिंग कशाला शोधत बसू?"