तीन पाय जमिनीवर

मी सोफा आहे आणि मला पाय नाहीत. जन्मतः चार होते, अक्रोडाच्या लाकडाचे, चांगले उंच. ते कसे गेले हे लोक विचारत नाहीत, म्हणून मीच सांगायला बसलोय.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. पोटात घोड्याचे केस, अंगावर मरून मखमल. पहिली वीस वर्षं मी एका अंत्यविधी करणाऱ्या गृहस्थाच्या दुकानात काढली. तिथले लोक दुःखात असायचे, त्यामुळे कडेवर टेकून बसायचे आणि लवकर उठायचे. मालक थकला तेव्हा त्यानं मला मिनेसोटातल्या हेमडाल कॉलेजला देऊन टाकलं. मुलींच्या वसतिगृहाच्या दिवाणखान्यात माझी स्थापना झाली. तेव्हा मला कळलं की रडणाऱ्यांपेक्षा प्रेमात पडलेले लोक फार जड बसतात.

कॉलेज एवढंसं. सगळे मिळून तीनशे विद्यार्थी, पण रीतिरिवाज तीन हजारांना पुरतील इतके. पहिल्या वर्षाच्या पोरांनी हिरव्या टोप्या घालायच्या. कुणाचं लग्न ठरलं की नवऱ्या मुलाला कपड्यांसकट तळ्यात टाकायचं, मग तळं गोठलेलं का असेना. आणि रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळातच मुलांनी मुलींना भेटायला यायचं. दार प्रार्थनेच्या पुस्तकाच्या रुंदीएवढं उघडं ठेवायचं आणि दोघांच्या मिळून चार पायांपैकी तीन पाय कायम जमिनीवर टेकलेले हवेत.

पाय मोजायचं काम रेक्टर टॉर्विकबाईंचं. दर दहा मिनिटांनी त्या फर्नच्या कुंडीला पाणी घालायच्या निमित्तानं यायच्या, आमच्याकडे वाकून बघायच्या आणि जायच्या. फर्न दर महिन्याला कुजून मरायचं. नियम मोडला की वहीत शेरा. तीन शेरे झाले की मुलीच्या घरी पत्र.

आर्लिस ब्रेकी ही दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिला रसायनशास्त्र शिकवायचं होतं. वडील डाकोटात धर्मोपदेशक. तक्रारीचं एक जरी पत्र आलं तरी सामान बांधून घरी यायचं, या बोलीवर त्यांनी तिला पाठवलेलं. तिला भेटायला यायचा वर्लिन ओडेगार्ड. तो कोरियाच्या लढाईतून परतून कॉलेजात आला होता आणि त्याचा डावा पाय लाकडाचा होता.

एका रविवारी लाकडी पाय फार काचायला लागला म्हणून वर्लिननं तो काढला आणि मोज्याबुटासकट माझ्याशेजारी नीट उभा करून ठेवला. आर्लिस एक पाय दुमडून विणत बसली होती. टॉर्विकबाई झारी घेऊन आल्या, आधी किंचाळल्या, मग मोजायला लागल्या.

"दोनच!" त्या म्हणाल्या.

"तीन आहेत की बाई," वर्लिन म्हणाला. "हा काय उभा आहे. याच्याइतका गुणी पाय अख्ख्या वसतिगृहात सापडायचा नाही."

"लाकूड धरत नाही मी. लाकूड इथेच राहील आणि माणूस कुठल्या कुठे जाईल!"

"मग खरा धरा. तो कोरियात आहे. जमिनीवरच आहे, बाई. थोडा खालीच असेल."

शेरा पडला. पुढच्या रविवारी त्यानं पाय व्यवस्थित चढवून आणला, तरी बाईंनी तो धरला नाही. दुसरा शेरा.

"दोन्ही पाय खाली ठेव ना गं बाई," वर्लिन काकुळतीला आला. "कशाला हट्ट करतेस? तुझं शिक्षण जाईल."

"बाकी सगळ्या मुलींना एक पाय उचलता येतो," आर्लिस म्हणाली. "तू बसलास म्हणून मला का नाही? तू काय पाऊण माणूस आहेस?"

आणि तिनं थेट कॉलेजच्या अध्यक्षांकडे अर्ज केला. निकाल विरुद्ध गेला तर तिसरा शेरा आणि पत्र. मला तर धसकाच बसला. अंत्यविधीच्या दुकानातसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

जागेची पाहणी करायला समिती दिवाणखान्यातच भरली. अध्यक्ष डॉक्टर स्टेनेरुड, मुलींच्या डीन मिस लुंडे आणि धर्मशास्त्राचे प्राध्यापक ऑसेन. कॉफी आली, केक आला. अर्धा तास केकच चालला.

मग ऑसेन खाकरले. "लाकडी पाय पाय मानला, तर सोफ्याचे चारही पाय मानावे लागतील. ते कायम जमिनीवर असतात. म्हणजे मुलामुलींनी आपले सगळे पाय वर घेतले तरी नियम पाळला गेला."

"अरे देवा!" मिस लुंडे म्हणाल्या.

"सोफ्याची गोष्ट वेगळी आहे, सर," वर्लिन म्हणाला. "त्याचं कुणावर प्रेम नाही."

हे मला लागलं. पण बोलणार कसा?

"बडबड पुरे," मिस लुंडे म्हणाल्या. "नियम किती सोपा आहे हे मी दाखवते. डॉक्टर, या, बसा." त्या माझ्यावर अगदी मागे टेकून बसल्या. शेजारी अध्यक्ष बसले आणि सवयीप्रमाणे त्यांनी गुडघ्यावर गुडघा चढवला.

मिस लुंडे बुटक्या, मी उंच. त्यांचे दोन्ही बूट अधांतरी लोंबकळत होते.

टॉर्विकबाईंनी खिशातून वही काढली.

"एक पाय," त्या म्हणाल्या.

"मिसेस टॉर्विक! भलतंच काय?"

"नियम तुम्हीच केलात, मॅडम. मी फक्त मोजते." आणि त्यांनी लिहिलं. अध्यक्षांच्या नावासकट लिहिलं. त्या क्षणी मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला.

अध्यक्ष लालबुंद झाले. त्यांनी पाय खाली ठेवला आणि निकाल दिला. दोष कुणा माणसाचा नाही, सोफ्याचा आहे. तो अवास्तव उंच आहे. सबब या सोफ्यावर पडलेले सगळे शेरे रद्द, आणि सोफ्याचे आठ इंची पाय मुळापासून कापावेत. लाकडी पायाचं काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आर्लिस तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागली. टॉर्विकबाईंनी तिला आपला रुमाल दिला. पुढच्या रविवारपासून त्या वर्लिनचे दोन्ही पाय मोजायला लागल्या, कुणाला काही न सांगता.

मंगळवारी सुतार आला. मला उलटं पाडलं, करवत काढली. वर्लिन मुद्दाम वर्ग बुडवून आला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसला.

"दोन दिवस दुखेल," तो हळूच म्हणाला. "मग नसलेल्या पायाला खाज सुटते. तेवढी सोसायची."

खरंच सुटते हो.

त्यानंतर मी इतका बुटका झालो की बसलेल्यांना उठताच येईना. टॉर्विकबाई पाच वाजता एकेकाला हाताला धरून ओढून काढायच्या. आर्लिस शिकली आणि त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली. वर्लिनला डिसेंबरात तळ्यात टाकलं. बर्फ फोडायला पोरांना दोन तास लागले. पुढे नियमही गेला, टॉर्विकबाईही गेल्या. नवी मुलंमुली जमिनीवरच लोळतात, पाय कुठे कुणाचे आहेत ते त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. माझ्यावर ते कोट टाकतात.

काल मला भंगारात काढलं. मला फाटकापाशी ठेवलेलं असताना आर्लिस आणि वर्लिन तिथून चालले होते, ते मला बघून थांबले. वर्लिनचे केस पांढरे झालेत.

"हा नका घेऊ, सर," शिपाई म्हणाला. "याला पाय नाहीत."

वर्लिन वाकला, माझ्या फाटक्या मखमलीवर हात ठेवला.

"याचे पाय आमच्यासाठी गेले," तो म्हणाला. "आर्लिस, तू ती बाजू धर."

पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी घरी नेलं.