पियानोला वाहिलेल्या अक्षता

आश्विनातलं तापलेलं ऊन केडगावच्या त्या लांबट खोलीत गजांमधून पियानोवर उतरायचं आणि त्या उजेडात शीलाबाईंचे हात दिसायचे: सांध्यांवर सुजलेले, हिरव्या शिरांनी विणलेले, तरीही पट्ट्यांना स्पर्श करताच विलक्षण हलके. ऐन उमेदीत मुंबई-पुण्याची सभागृहं गाजवलेले ते हात नगरला परतले आणि दृष्टिहीन मुलांना शिकवण्यात रमले. मूल आपले तळवे बाईंच्या हातांच्या पाठीवर ठेवायचं, बाई वाजवायच्या, आणि त्या हालचालीतून सूर त्याच्या बोटांत झिरपायचा.

मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, डोळस आणि मठ्ठ. वाजवणं काही जमलं नाही, म्हणून झाडलोट आणि चहा करत त्या घरात टिकून राहिले.

राहुरीकडची सुमन मात्र वेगळी होती. अकरा वर्षांची ती जन्मांध पोर वाजवू लागली की बाई डोळे मिटून घ्यायच्या. पण या शिकण्याचा उपयोग काय ते दिसेना, म्हणून तिचे वडील कंटाळले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, म्हणाले. "येकदा ऐकतो, बाई. पोरीला येत आसंल तर ऱ्हाऊ द्या, न्हाई तर घरी नेतो."

दसऱ्याला सकाळी बाई बहिणीकडे गेलेल्या. आमच्याकडे शिलाईयंत्रापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मग या पियानोनंच काय पाप केलं होतं? मी झेंडूची माळ घातली, पट्टी न् पट्टी हळदकुंकवानं सजवली, आणि ओल्या कुंकवात माखलेल्या अक्षता मूठभर वाहिल्या. माझे डोळे भरून आले. केवढी मी भाविक! संध्याकाळी दिसल्या तेवढ्या अक्षता पुसून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी वडील टोपी हातात धरून खुर्चीच्या कडेवर बसले. सुमननं सुरुवात केली, आणि दाबलेली तिसरी पट्टी वर आलीच नाही. मग आणखी एक रुतली. पोर घाबरली, चाचपडली, पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागली, पुन्हा अडली. बाईंनी केसांतली पिन काढून फटीत घातली. तांदळाचा एक लाल दाणा बाहेर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पियानो बिघडलाय," बाई म्हणाल्या. "पोरीचा दोष नाही. आठ दिवसांनी या."

"तुमी लई चांगल्या हायता, बाई," वडील उठत म्हणाले. "म्हनूनच आसं बोलताय."

त्या क्षणी 'हे मी केलं' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द! पण पाहुण्यापुढे शोभा होईल या भिकार लाजेनं माझी दातखीळ बसली. उंबऱ्यात सुमन वळली. "बाई, माजं कुटं चुकलं?" बाई नाही म्हणाल्या, पण पोरीला ते पटलं नाही. वडिलांनी तिचा हात धरून तिला नेलं.

ते गेल्यावर बाई एवढंच बोलल्या, "तू बोलली असतीस, तर त्यांनी ऐकलं असतं."

वडिलांचा मोबाईल नंतर कधी लागला नाही. राहुरीला जायला मी दोनदा निघाले आणि दोनदा स्टँडवरून परतले, भित्री कुठली! मग बाईही गेल्या. काळ सगळं पुसून टाकतो, असं लोक मला समजावतात. पण कुठल्यातरी घरात ती मुलगी मोठी होते आहे, आणि न केलेली चूक अजून स्वतःच्याच बोटांत शोधते आहे.